दवाखान्यातून सुट्टी झाली, पुढे काय?

प्रति,
मा. श्री. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आयुष राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार) तथा आरोग्य व कुटुंब कल्याण राज्यमंत्री,
खासदार, बुलढाणा

विषय : गंभीर जंतुसंसर्गातून वाचलेल्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी आणि पाठपुरावा

प्रतापराव,

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत लोकांच्या डोक्यावरचे केस मुठीत येऊ लागले. काही दिवसांत बायाबापडे, पोरे-म्हातारे टक्कल घेऊन फिरू लागले. जानेवारीत आयसीएमआरचे शास्त्रज्ञ गावात उतरले. पाणी, माती, रक्त, केस, सगळ्याचे नमुने गेले. सेलेनियम हा शब्द पारावर पोचला. जे झाले ते योग्यच झाले. आजार दिसला, बोभाटा झाला, यंत्रणा हलली.

याच जिल्ह्यात दुसरी एक गळती वर्षानुवर्षे चालू आहे. ती डोक्याच्या आतली आहे, म्हणून तिचा फोटो निघत नाही आणि नमुनाही जात नाही. सेप्सिस, न्यूमोनिया, मेंदूज्वर, स्क्रब टायफस, कोविड अशा दुखण्यांतून माणूस मरता मरता वाचतो, घरी येतो, आणि घरचे हळूच म्हणू लागतात, ‘दुखण्यातून उठल्यापासून पहिल्यासारखा राहिला नाही.’ हे वाक्य आपण आपल्या मतदारसंघात कितीदा ऐकले असेल. मेहकरात, लोणारात, सिंदखेडराजात, कुठेही. ते वाक्य म्हणजे एका आजाराचे लक्षण आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही सरकारी रजिस्टरात होत नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आमच्या भावकीतल्या एका काकांचे सांगतो. साखरेचा जुना आजार. बांधावर बाभळीचा काटा पायात मोडला. पायाला मुंग्याच असत, म्हणून दुखले नाही. पाय सुजला, हुडहुडी भरली, गावात दोन-तीन सुया झाल्या. चौथ्या दिवशी लघवी बंद, बोलणे असंबद्ध, रक्तदाब खाली. गाडी करून मोठ्या शहरात नेले. दीड आठवडा आयसीयूत. तिथे त्यांना छतावर माकडे दिसत. ‘बैल सुटले, दावं आणा’ म्हणून ओरडत. हात पट्टीने पलंगाला बांधले होते. आम्ही घाबरून विचारले, तर ‘आयसीयूत होतं असं, सुट्टी झाली की जाईल’ असे उत्तर मिळाले. चष्मा, कवळी, कानातले यंत्र पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात दिले होते. म्हणजे त्या खोलीत त्यांना ना नीट दिसत होते, ना ऐकू येत होते.

पाय वाचला, जीव वाचला. पेढे वाटले, शेगावला जाऊन आलो. डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, प्रकृती स्थिर, दहा दिवसांनी दाखवणे. दहा दिवसांनी जखम पाहिली, साखर मोजली. आज कोणता वार आहे, हे कोणी विचारले नाही.

काय हरवले होते, ते पुढच्या खरिपात कळले. सोयाबीनवर तणनाशक मारायचे होते. पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती, हे काकांना झोपेतही सांगता यायचे. त्या दिवशी त्यांनी टोपणाने मोजून औषध ओतले, पाणी आणायला वळले, परत येऊन पुन्हा ओतले. सहा तासे पिवळी पडली. नंतर बाजार समितीतही तेच. पूर्वी अडत्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी काकांच्या तोंडून रक्कम निघायची. आता ते काटापट्टी हातात घेऊन उगाच चष्मा चाचपतात आणि नातवाकडे सरकवतात. १९७२ चा दुष्काळ मात्र ते तारीखवार सांगतात. खडी फोडायला कुठल्या कामावर गेलो, सुकडी कशी मिळायची, सगळे. म्हणून घरच्यांना वाटते, ‘ध्यान तर चांगलं आहे, मुद्दाम करतात.’ कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले साखर डोक्यात गेली, कोणी म्हणाले मनाला लावून घेतले. शेवटी एकाने ‘बाहेरचं’ असल्याचे सुचवले आणि सैलानीच्या दर्ग्याची वाट दाखवली. आयसीयूतल्या त्या दीड आठवड्याकडे कोणाचेच बोट गेले नाही.

प्रतापराव, वैद्यकशास्त्राने मात्र ते बोट कधीच तिकडे दाखवले आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला. हजारो वृद्धांची दर दोन वर्षांनी स्मरणशक्ती तपासणारी एक पाहणी तिथे आधीपासून चालू होती. त्यामुळे ज्यांना पुढे गंभीर सेप्सिस झाला, त्यांचे आजारापूर्वीचे डोके कसे चालत होते हे कागदावर होते. वाचलेल्यांत मध्यम ते तीव्र बौद्धिक दुर्बलतेचे प्रमाण आजारापूर्वी ६.१ टक्के होते, नंतर १६.७ टक्के झाले. ही घसरण वर्षानुवर्षे टिकली. ‘म्हातारपण आहे, होणारच’ या उत्तराला इथेच सुरुंग लागतो, कारण म्हातारपण दोन्ही वेळी होते. मध्ये आला तो सेप्सिस.

२०१३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातून आणखी एक अभ्यास आला. त्याच्या लेखकांत पहिले नाव आहे प्रतीक पंढरीपांडे. हे आडनाव विदर्भाला नवे नाही. श्वसन बंद पडलेले किंवा शॉकमध्ये गेलेले ८२१ रुग्ण त्यांनी आयसीयूपासून पुढे वर्षभर पाहिले. एक वर्षानंतरही ३४ टक्के लोकांचे गुण डोक्याला मध्यम मार लागलेल्यांइतके खाली होते आणि २४ टक्क्यांचे गुण सौम्य अल्झायमरच्या रुग्णांइतके. त्यांत तरुणही होते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आयसीयूत भ्रम जितके जास्त दिवस टिकला, तितकी पुढची घसरण जास्त. छतावरची माकडे ही करमणुकीची गोष्ट नव्हती. तो मेंदूचा धोक्याचा इशारा होता, आणि आपण हात बांधून मोकळे झालो.

कोविडनेही तेच दाखवले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी एक लाखाहून जास्त लोकांची ऑनलाइन चाचणी घेऊन २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. सौम्य आजार होऊन पूर्ण बरे झालेल्यांत, कोविड न झालेल्यांच्या तुलनेत बुद्ध्यंकाच्या मापात सुमारे ३ गुणांची तूट दिसली, तर आयसीयूत राहावे लागलेल्यांत सुमारे ९. मार्च २०२० च्या अखेरीस आपल्या जिल्ह्यात पहिला कोविड मृत्यू झाला. त्यानंतर टाटा ट्रस्ट्सने बुलढाण्यातले सरकारी रुग्णालय सुसज्ज करून कोविड रुग्णांसाठी खाटांची सोय उभी केली. दुसऱ्या लाटेत अशा खाटांवर ऑक्सिजन लावून पडलेले किती जण आज दुकानात सुटे पैसे मोजताना अडखळत असतील, याचा हिशेब घ्यायला कोणी त्यांच्या घरी गेले नाही.

हे होते कसे, तेही थोडक्यात सांगतो, कारण ‘ताप मेंदूत चढला’ म्हणून आपण विषय संपवतो. सेप्सिसमध्ये जंतू मेंदूत शिरलेच पाहिजेत असे नाही. जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारयंत्रणा बेलगाम होते आणि स्वतःच्याच अवयवांवर उलटते. रक्तात दाह वाढवणारी रसायने उसळतात, मेंदूला रक्तातल्या घाणीपासून वाचवणारी बारीक वाहिन्यांची भिंत झिरपू लागते. मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी चवताळतात, आणि गावातली दंगल शमली तरी बंदोबस्त उठू नये तशा नंतरही तैनातच राहतात. त्यात रक्तदाब पडलेला, प्राणवायू कमी, साखर वरखाली, आणि रुग्ण शांत पडावा म्हणून दिलेली गुंगीची औषधे. नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या माऱ्याला फार नाजूक असतो. म्हणून दुष्काळ आठवतो आणि सकाळी ओतलेले औषध आठवत नाही. जुने शाबूत राहते, नवे धरून ठेवता येत नाही, दोन कामे एका वेळी जमत नाहीत, हिशेब सुटतो.

प्रत्येकाला असे होतेच असे नाही, हेही खरे. पुष्कळ जण सावरतात, काहींना वर्ष लागते. काहींची स्मरणशक्ती आधीच उतरणीला लागलेली असते आणि आजार फक्त धक्का देतो. म्हणूनच तपासणी हवी. कोण सावरतो आहे आणि कोण घसरतो आहे, हे पाहिल्याशिवाय कळणार कसे?

आणि हा प्रश्न चार-दोन घरांचा नाही. २०१७ या एका वर्षात भारतात सेप्सिसचे सुमारे १ कोटी १३ लाख रुग्ण आणि २९ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मेलेल्यांची बेरीज सगळे करतात. उरलेल्या ऐंशी लाखांहून अधिक माणसांचे काय झाले, हा माझा प्रश्न आहे. आपल्यासारख्या जिल्ह्यात तो अधिक टोकदार आहे. इथे अनवाणी पायाने शेत तुडवणारा मधुमेही आहे. पावसाळ्यानंतरच्या गवतात स्क्रब टायफसचा किडा आहे. न्यूमोनिया अंगावर काढणारी आजी आहे. आणि गंभीर झाला की अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत मोलाचे तास वाटेत जातात. सेप्सिसमध्ये प्रतिजैविक जितके उशिरा, तितका धोका जास्त.

आता सरकारी घडी कुठे तुटते ते पाहा. आयुष्मान भारत योजनेत भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस एवढा खर्च धरला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला हे कार्ड मिळू लागले, चांगले झाले. पण या आजाराचा खरा त्रास सोळाव्या दिवसापासून सुरू होतो. जखम भरते, अशक्तपणा ओसरतो, माणूस कामाला लागतो, आणि तेव्हा कळते की काहीतरी हरवले आहे. तोवर फाइल बंद झालेली असते. लहान मुलांसाठी निदान राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. मेंदूज्वरातून उठलेले पोर वर्गात मागे पडले तर शाळेच्या तपासणीत सापडण्याची थोडी तरी आशा असते. चाळिशीतल्या शेतकऱ्याला, बाळंतपणात सेप्सिस होऊन वाचलेल्या बाईला कोण तपासते? ती बाई भाजीत दोनदा मीठ टाकते, गॅस चालू ठेवून विसरते, आणि सासरी ‘वेंधळी’ ठरते.

आपल्याकडून अपेक्षा आहेत त्या आकाशातल्या नाहीत. पन्नास कोटींची इमारत मागत नाही. जे आहे तेच थोडे पुढे सरकवायचे आहे.

पहिली गोष्ट, डिस्चार्ज कार्ड. आयसीयूतून सुटणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर तीन ओळी सक्तीच्या करा. आयसीयूत किती दिवस, भ्रम झाला का आणि किती दिवस, आणि तीन व बारा महिन्यांनी स्मरणशक्ती तपासून घेण्याची सूचना. ती सूचना मराठीत, ठळक अक्षरात हवी. घरच्यांना एवढे कळले तरी निम्मी भांडणे मिटतील. मुद्दाम करत नाही, आजार आहे, हे कागदावर दिसले पाहिजे.

दुसरी गोष्ट, पाठपुरावा. क्षयरोगाच्या कार्यक्रमात उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाला पुन्हा पाहायची पद्धत कागदावर आहे. गावोगावच्या आशाताईंना ती ठाऊक आहे. हीच चौकट सेप्सिस, मेंदूज्वर आणि आयसीयूतून वाचलेल्यांना लावा. बिगरसंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशाताई घरोघर जो अर्ज भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांना जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहेच. त्याला वयाची अट काढून एक प्रश्न जोडा, गेल्या दोन वर्षांत आयसीयूत होता का? उत्तर हो आले तर आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने पुढची चाचणी घ्यावी. आणि त्या चाचणीचे, उपचाराचे पैसे पंधरा दिवसांच्या पुढे योजनेतून मिळावेत, असे पॅकेज ठरवा.

तिसरी गोष्ट आयसीयूची. रुग्णाचा चष्मा आणि कानातले यंत्र त्याच्याजवळच ठेवा, भिंतीवर मोठे घड्याळ लावा, दिवसा उजेड आणि रात्री अंधार ठेवा, घरच्या एका माणसाला दिवसातून काही वेळ जवळ बसू द्या, गुंगीची औषधे गरजेपुरतीच द्या, माणसाला लवकर उठवून बसवा. जगभरच्या आयसीयूत यावर भर दिला जातो, कारण भ्रमाचे दिवस याने कमी होतात. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, हुकूम लागतो. तो आपण काढू शकता.

चौथी गोष्ट, आपले नवे वैद्यकीय महाविद्यालय. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचे नाव आले, तेव्हा जिल्ह्याने गुलाल उधळला. त्या महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस आयसीयूतून वाचलेल्यांची ओपीडी सुरू करायला सांगा. आणि तिथल्या विद्यार्थ्यांना एक काम द्या. स्मरणशक्तीच्या प्रचलित चाचण्या घड्याळाचे चित्र काढायला लावतात. जिने आयुष्यात पेन धरला नाही, ती आजी त्यात नापासच होणार, डोके कितीही शाबूत असो. तिला विचारा, मृगानंतर कोणते नक्षत्र, त्यानंतर कोणते? पाच जिनसांची किराण्याची यादी सांगा आणि पाच मिनिटांनी परत विचारा. पाचशेच्या नोटेतून तीनशे चाळीस गेले तर किती उरले, ते विचारा. वऱ्हाडी बोलीतली, इथल्या माणसांवर पारखलेली अशी चाचणी या महाविद्यालयाने तयार केली तर ती पूर्ण विदर्भाला आणि मराठवाड्याला उपयोगी पडेल. पहिल्या तुकड्यांच्या पोरांना यापेक्षा चांगला संशोधनाचा विषय कुठे मिळेल?

पाचवी गोष्ट नाजूक आहे. पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दूरदूरची माणसे आपल्या ‘बिघडलेल्या’ माणसाला घेऊन येतात. त्यांना हसून काही होणार नाही. तिथे त्यांचे ऐकून घेतले जाते, म्हणून ती येतात. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दुआबरोबर दवा देणारा उपक्रम चालला, मुजावरांना विश्वासात घेऊन. सैलानीला यात्रेपुरता नव्हे, बारमाही असा कक्ष हवा. आणि तिथे आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हा हवा, हे सुरू होण्याआधी मोठा ताप, मोठे दुखणे झाले होते का?

शेवटी आपल्याच खात्याचे एक सांगतो. आयुष मंत्रालय आपल्याकडे स्वतंत्रपणे आहे. आमच्या आठवडी बाजारात बुद्धिवर्धक म्हणून ब्राह्मी-शंखपुष्पीच्या बाटल्या धडाक्याने विकल्या जातात. काकांसारख्यांच्या घरात त्या एकापाठोपाठ एक रिकाम्या होतात. त्यांचा उपयोग होतो की नाही, हे सेप्सिसमधून वाचलेल्या रुग्णांवर काटेकोर चाचण्या घेऊन आपल्या मंत्रालयाने एकदा जाहीर करावे. उपयोग होत असेल तर सरकारी दवाखान्यात फुकट द्या. होत नसेल तर शेतकऱ्याचे पैसे वाचवा.

आपण मेहकरचे तीन वेळा आमदार झालात, बुलढाण्याचे चौथ्यांदा खासदार आहात. आरोग्य खात्यात या जिल्ह्याचा माणूस दिल्लीत बसला आहे, असा योग रोज येत नाही. आजवर आपल्याकडे रस्ते मागितले, खडकपूर्णेचे पाणी मागितले, रेल्वे मागितली. त्या मागण्यांना वर्षे लागतात, हे आम्हाला समजते. डिस्चार्ज कार्डावरच्या तीन ओळींना एक परिपत्रक लागते. ते निघाले की मला त्याची प्रत पाठवा. मी ती आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावीन आणि ज्या ज्या घरात ‘पहिल्यासारखा राहिला नाही’ असे म्हणतात, तिथे स्वतः वाचून दाखवीन.

कळावे.

आपला,
चिखली तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक आणि आपला मतदार